फॅन्सी गोल्डफिशची नवी टाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी टाकी लावणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातलं पाणी, इथला उन्हाळा आणि इथल्या दुकानांतला माल धरून लिहिली आहेत. घाईत असाल तर प्रश्न २ आणि ४ तेवढे वाचा. बाकीच्या बहुतेक तक्रारी तिथेच उगम पावतात.

१. फॅन्सी गोल्डफिश म्हणजे नेमके कोणते? साध्या गोल्डफिशपेक्षा वेगळं काय?

सगळ्यांचं मूळ एकच. चीनमध्ये हजाराहून जास्त वर्षांपूर्वी माणसाळवलेला मासा, आणि पुढे निवडून निवडून काढलेल्या त्याच्या जाती. आखूड, गोलमटोल अंग आणि दुहेरी शेपटी असलेल्यांना फॅन्सी म्हणतात. ओरांडाच्या डोक्यावर मांसल टोपी असते, रँचूच्या पाठीवर परच नसतो, रयुकिनच्या मानेमागे उंच कुबड असतं, ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आलेले असतात आणि बबल आयच्या डोळ्यांखाली पाण्याने भरलेल्या नाजूक पिशव्या असतात. लांबट अंगाचे, एकेरी शेपटीचे कॉमेट आणि शुबनकिन हे फॅन्सी नव्हेत. ते वेगाने पोहतात, मोठे होतात आणि खरं तर बागेतल्या हौदातच शोभतात.

नवखे असाल तर ओरांडा, फॅनटेल किंवा ब्लॅक मूर घ्या. बबल आय दिसतो मजेशीर, पण पहिल्या टाकीसाठी तो नको.

२. दोन मासे ठेवायचे आहेत. टाकी किती मोठी लागेल?

पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर, असा ढोबळ हिशेब धरा. दुकानदार फुटांत बोलतो, म्हणून लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणा आणि आलेल्या आकड्याला २८ ने गुणा. तेवढे लिटर. दुकानात सगळ्यात जास्त खपणारी २ × १ × १ फुटांची टाकी या हिशेबाने जेमतेम ५६ लिटरची निघते, म्हणजे एका माशालाही अपुरी. त्याच टाकीबरोबर 'सहा मासे फ्री' मिळत असतील तर ते फुकटसुद्धा महाग पडतात.

३ × १½ × १½ फुटांची टाकी साधारण १९० लिटरची होते. वर मोकळी सोडलेली जागा वजा केली तरी तीन मासे तीत सुखाने राहतात. माझं मत विचाराल तर दोनच ठेवा. नीट सांभाळलेला ओरांडा शेपटी धरून वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. दुकानात दिसतं ते दोन इंची पिल्लू असतं, हे विसरू नका.

उंच आणि अरुंद टाकीपेक्षा पसरट टाकी चांगली. हवेतला ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागातूनच आत जातो.

३. मग बाउलमध्ये अजिबातच ठेवता येत नाही का? आमच्या शेजाऱ्यांचा वर्षभर जगलाय.

दहा वर्षांच्या आयुष्यातलं एक वर्ष झालं. बाउलमध्ये मनी प्लांट ठेवा, छान वाढतो.

४. टाकीत पाणी भरलं, फिल्टर चालू केला. दुकानदार म्हणतो २४ तासांनी मासे सोडा. सोडू का?

नको. चोवीस तासांत फार तर पाण्यातलं क्लोरीन उडतं. टाकी तयार होते ती जिवाणूंमुळे, आणि त्यांना वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. नायट्रेट आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. या साखळीलाच 'टाकी सायकल होणं' म्हणतात. नव्या फिल्टरमध्ये हे जिवाणू जवळजवळ नसतातच.

मासे नसताना सायकल करायची तर जिवाणूंना अमोनिया हवा. तो मिळतो अमोनियम क्लोराइडमधून, म्हणजे कल्हईवाले वापरतात त्या नवसागरातून. मात्र बाजारातला भेसळीचा नवसागर घेऊ नका. प्रयोगशाळेचं रसायन विकणाऱ्या दुकानातून शुद्ध आणा. १६० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. थेंबांचं टेस्ट किट आणून एक दिवसाआड मोजा. अमोनिया उतरला की पुन्हा तेवढंच टाका. आधी अमोनिया घसरतो, मग नायट्राइट चढतं आणि बरेच दिवस वरच बसतं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. टाकलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं, की टाकी तयार. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासे आणा.

जवळचा रस्ता एकच. ज्यांची टाकी वर्षभर निरोगी चालली आहे त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा. दुधाला विरजण लावावं तसं काम होतं, आठ-दहा दिवसांतही टाकी लागते. स्पंज ओला ठेवून आणा, नळाखाली धुऊ नका. बाटलीतल्या 'इन्स्टंट बॅक्टेरिया'चा गुण कधी येतो, कधी येत नाही. त्यावर विसंबून मासे सोडू नका.

५. मासे आधीच सोडलेत. आता पाणी पांढुरकं झालंय आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. काय करू?

आज, आत्ता, निम्मं पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं (प्रश्न ९) आणि जवळपास त्याच तापमानाचं हवं. दोन दिवस खाणं बंद. एअर पंप जोरात सोडा. पुढे रोज मोजून अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएमच्या वर दिसलं की पुन्हा ३० ते ५० टक्के पाणी बदला. हे काही आठवडे चालेल. प्रश्न ४ मधली सायकल आता माशांच्या अंगावर होते आहे, एवढाच फरक. नायट्राइट चढलेलं असेल तर लिटरला १ ग्रॅम मीठ घाला. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशाच्या रक्तात कमी शिरतं.

पांढुरकेपणाला घाबरून टाकी पूर्ण रिकामी करून, खडे-फिल्टर साबणाने घासून पुन्हा भरू नका. तसं केलंत की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

६. टाकी कुठे ठेवायची? फ्लॅटमध्ये वजन झेपेल का?

१९० लिटरची टाकी पाणी, काच आणि स्टँड धरून सव्वादोनशे किलोच्या पुढे जाते. खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा भिंतीला लागून, तुळईजवळ ठेवा. टीव्हीच्या टेबलावर नकोच. स्टँड पाणसळीने तपासा आणि टाकीखाली थर्माकोलचा अखंड शीट घाला, म्हणजे काचेवर एका बिंदूला ताण येत नाही. तीन फूट लांब, दीड फूट उंच टाकीला ८ मिमी काच मागा. ऑर्डर देऊन करवून घेतली असेल तर सिलिकॉनचा आंबूस वास जाईपर्यंत थांबा आणि आधी एक-दोन दिवस बाल्कनीत भरून गळती बघा. थेट ऊन पडेल अशी खिडकी टाळा. शेवाळ तर होतंच, पाणीही तापतं.

७. फिल्टर कोणता घेऊ?

गोल्डफिश घाण खूप करतो. त्याला जठर नसतं, खाल्लेलं चटकन पुढे सरकतं. म्हणून तासाला टाकीच्या सहा ते आठपट पाणी फिरवणारा फिल्टर बघा. पण फॅन्सी मासा मंद पोहणारा, जोराच्या धारेत तो दिवसभर झुंजत राहतो. धार काचेवर वळवा किंवा भोकाच्या नळीतून पसरवा. माझी पसंती वरच्या टॉप फिल्टरला आणि सोबत एअर पंपावरच्या मोठ्या स्पंज फिल्टरला. एक बंद पडला तर दुसरा असतो.

स्पंज धुताना टाकीतूनच बादलीभर पाणी काढा आणि त्यात दोन-चारदा पिळा. निघणारं तपकिरी पाणी फेका, स्पंज जागेवर लावा. तो पांढराशुभ्र व्हायला नको. दोन्ही फिल्टर एकाच दिवशी धुऊ नका.

८. तळाला रंगीत खडे चालतील का? झाडं?

वाटाण्याएवढे खडे सगळ्यात वाईट. मासा तळ चाळत खातो आणि नेमका तोच खडा घशात अडकतो. एकतर तळ मोकळा ठेवा किंवा नितळ पाणी येईपर्यंत धुतलेली बारीक नदीची वाळू पाऊण इंच पसरा. तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गोटेही चालतात. गोट्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहा. फसफसला तर त्यात चुना आहे (तो कधी उपयोगी, ते प्रश्न १० मध्ये).

टोकदार प्लॅस्टिकची झाडं डोळे आणि परांना जखमा करतात. खरी झाडं हवीत तर अनुबियास आणि जावा फर्न दगडाला बांधा, ती सहसा खात नाहीत. हायड्रिला लावलात तर ती भाजी समजा.

९. नळाचं पाणी थेट घालू का?

नाही. क्लोरीन कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतं. दुकानात 'अँटिक्लोरीन' नावाने मिळतं ते बहुधा सोडियम थायोसल्फेट, ज्याला हायपो म्हणतात. बाटलीवरच्या मापाने बादलीत घाला, ढवळा, पाच मिनिटांनी वापरा. उघड्या पिंपात एअर स्टोन लावून २४ तास ठेवलं तरी क्लोरीन उडतं. मात्र पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते असं उडत नाही आणि हायपोने तोडल्यावर मागे अमोनिया उरतो. त्यासाठी अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर लागतं.

पावसाळ्यात जरा जास्त सावध राहा. गढूळ पाण्यासाठी तुरटी आणि क्लोरीन दोन्हीचं प्रमाण वाढतं. नळाला तीव्र वास आला त्या दिवशी पाणीबदल पुढे ढकला. एरवी दर आठवड्याला ३० ते ५० टक्के.

१०. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, टीडीएस खूप. आरओचं घालू का?

थोडं जड पाणी गोल्डफिशला मानवतं. पीएच ७ ते ८ च्या दरम्यान आणि स्थिर असला की पुरे. निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार उरत नाहीत, पीएच कधीही कोसळतो. फारच खारट बोअर असेल तर आरओचं थोडं मिसळा, पण दर वेळी त्याच प्रमाणात. लक्षात ठेवा, पीएच जितका चढा तितका अमोनिया जास्त विषारी. बोअरवाल्यांना सायकलमध्ये ढिलाई परवडत नाही.

मुंबईसारख्या तलावाच्या मऊ पाण्याची अडचण उलटी असते. काही आठवड्यांत पीएच हळूहळू उतरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. तिसऱ्यांचे किंवा कालवांचे रिकामे शिंपले उकळून, फोडून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. चुना हळूहळू विरघळतो आणि पीएच सावरतो.

११. हीटर घेऊ का? आणि उन्हाळ्यात काय करायचं?

हीटर कोकणपट्टीत नको. फॅन्सी मासे १८ ते २४ अंशांत सगळ्यात खूश असतात. निफाडसारख्या ठिकाणी जिथे रात्र कडक गारठते, तिथे १८ वर लावलेला हीटर तापमानाची चढउतार रोखतो. तेवढाच त्याचा उपयोग.

आपलं खरं दुखणं उन्हाळा. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच, आणि त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. झाकण काढून जाळी लावा, पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका सोडा. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत पंख्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत तितका गुण येत नाही, तिथे एअर पंप वाढवणं आणि खाणं कमी करणं हाच उपाय. बर्फाच्या बाटल्या सोडून तापमान खालीवर करण्यापेक्षा स्थिर २९ अंश बरे.

१२. लाइट जातात. चार-पाच तास फिल्टर बंद राहिला तर?

बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, स्पंज फिल्टर त्याच्यावर चालतो. खाणं घालू नका. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर कित्येक तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. चालू करण्यापूर्वी ते ओतून द्या, नाहीतर सगळी घाण टाकीत येते.

१३. दुकानात मासा कसा निवडायचा?

आधी दहा मिनिटं नुसतं बघा. कोपऱ्यात पर मिटून बसलेला, काचेला अंग घासणारा, एकाच बाजूचा कल्ला हलवणारा मासा सोडा. अंगातून बाहेर लोंबणारा हिरवट-पांढरा दोरा म्हणजे अँकर वर्म. त्या टाकीतला कुठलाच मासा नको. वरून पाहिल्यावर शेपटीचे दोन्ही भाग सारखे दिसावेत. दुकानदाराला चार दाणे टाकायला सांगा. निरोगी गोल्डफिश दाण्यावर झडप घालतो.

कुर्ल्याच्या बाजारातून घ्या की गल्लीतल्या दुकानातून, बरेचसे मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याकडून पिशव्यांत प्रवास करून आलेले असतात. आल्याच दिवशी घेऊ नका, आठवड्याने जा. घरी आणल्यावर पहिल्या जोडीला नवी टाकी हीच विलगीकरणाची जागा. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, सायकल झालेल्या स्पंजासह ठेवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

१४. नऊ मासे ठेवावेत, आठ सोनेरी आणि एक काळा, असं सांगितलंय. खरं का?

ती फेंगशुईची समजूत. श्रद्धा तुमची, हिशेब पाण्याचा: नऊ माशांना ३९५ लिटर, म्हणजे साधारण ४ × २ × १¾ फुटांची टाकी. ती जमत असेल तर खुशाल ठेवा. दोन फुटी टाकीत नऊ आकडाच हवा असेल तर गप्पी पाळा.

'मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने घेतलं' असंही सांगतात. तरी एकदा अमोनिया मोजून बघाच.

१५. काच साफ ठेवायला सकर सोबत सोडू का? एंजल, गप्पी?

सकर रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटतो आणि जखमा करतो. शिवाय स्वतःच फूटभर वाढतो. नको. एंजलला गरम पाणी लागतं. गप्पी गोल्डफिशच्या तोंडात मावतो, पुढचं सांगायला नको. कॉमेटसोबत ठेवलेल्या ब्लॅक मूरला धड दिसत नाही, तोवर खाणं संपलेलं असतं. फॅन्सीसोबत फॅन्सीच.

१६. दिवसातून किती वेळा आणि काय खायला घालायचं?

दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच. तरंगणाऱ्या दाण्यांऐवजी बुडणारे घ्या आणि अर्धा मिनिट पाण्यात भिजवून घाला. आठवड्यातून एक दिवस दाणे बंद ठेवून साल काढलेला उकडलेला मटार किंवा वाफवलेला पालक द्या. जिवंत ट्युबिफेक्स गटारांतून गोळा केलेला असू शकतो, त्याबरोबर रोग येतात. वाळवलेले किंवा गोठवलेले किडे बरे. तुम्ही दिसलात की मासे काचेशी येऊन नाचतील. ती भूक समजू नका, ती सवय.

१७. मासा उलटा होऊन तरंगतोय, पण जिवंत आहे. मरणार का?

लगेच नाही. आखूड केलेल्या अंगात आतडी आणि हवेची पिशवी दाटीने बसलेली असतात, त्यामुळे तोल जाणं रयुकिन आणि पर्लस्केलमध्ये जास्त. दोन दिवस उपास, मग फक्त मटार. पाणी मोजा, कारण खराब पाण्यातही असंच दिसतं. खाल्ल्यावर तासभरच तरंगत असेल तर खाण्याची पद्धत बदलून सुटतं (प्रश्न १६). काही जन्मतःच असे असतात. खातोय-पितोय तर राहू द्या, फक्त हवेत उघड्या राहिलेल्या अंगावर जखम होत नाही ना, ते बघा.

१८. दुकानदाराने निळं औषध दिलंय, दर आठवड्याला घालायला सांगितलंय.

ते मेथिलीन ब्ल्यू. मुख्य टाकीत घातलं तर फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं. ते वेगळ्या टबात, गरजेपुरतं वापरायचं. निरोगी माशाला औषध नको. मीठही रोजचा मसाला नव्हे. लागेल तेव्हा लिटरला १ ते ३ ग्रॅम, आधी मगमध्ये विरघळवून.

१९. मासा खूप फुगलाय. पोटुशी असेल का?

गोल्डफिश अंडी घालतो, त्यामुळे गाभण राहत नाही. अंड्यांनी भरलेली मादी एका बाजूला जरा जास्त फुगीर दिसते, पण चपळ असते. खवले उभे राहून अंगापासून सुटे दिसत असतील आणि मासा मरगळलेला असेल तर तो जलोदर. त्याला वेगळं करा, तिथलं पाणी स्वच्छ ठेवा. बरे होणारे थोडेच.

२०. कल्ल्यांवर पांढरे ठिपके आलेत. व्हाइट स्पॉटचं औषध सुरू करू का?

थांबा. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला, ओळीत, सारख्या अंतरावर असतील आणि मासा मजेत खात असेल तर तो वयात आलेला नर आहे. विणीच्या काळात तो इतरांचा पाठलागही करतो. व्हाइट स्पॉटचे ठिपके शेपटीसकट अंगभर, विस्कळीत येतात, रोज वाढतात आणि मासा अंग घासतो.

२१. ब्लॅक मूर सोनेरी व्हायला लागलाय आणि सोनेरी ओरांडावर काळे डाग आलेत. कसं काय?

पहिलं नैसर्गिक. वय आणि गरम पाणी यांनी ब्लॅक मूरचा काळा रंग बऱ्याचदा उतरतो. दुसऱ्याचा शोध घ्या. अमोनियाने भाजलेली त्वचा बरी होताना काळी पडते, म्हणजे महिनाभरात कधीतरी पाणी बिघडलं होतं. आकडे आज शून्य असतील तर डाग आपोआप जातात.

२२. दिवाळीत आठ दिवस गावी जायचंय. शेजाऱ्यांना सांगू का?

मोठ्या, निरोगी माशांना आठ दिवस उपाशी ठेवलं तरी काही होत नाही. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, फिल्टर तपासा. शेजाऱ्यांना सांगायचंच असेल तर एका दिवसाची एक अशा दोन-तीन कागदी पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात लपवा. प्रेमापोटी मूठभर खाणं पडतं.

२३. घरात पेस्ट कंट्रोल करायचंय. टाकी झाकली की झालं ना?

झाकणं पुरत नाही. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, आणि डास-झुरळांच्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना अत्यंत घातक. शक्य असेल तर टाकीच्या खोलीत फवारणी करूच नका, जेल लावून घ्या. फवारणी टळत नसेल तर पंप दुसऱ्या खोलीत किंवा बाल्कनीत ठेवून नळी लांबवा, टाकी प्लॅस्टिकने कडेपर्यंत चिकटपट्टी लावून बंद करा, खिडक्या काही तास उघड्या ठेवूनच झाकण काढा. हाताला औषध लागलं असेल तर साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून मगच टाकीत हात घाला.